चोविसाव्या वचनाच्या पुढचं

पुणे, रविवार संध्याकाळ

प्रिय आई आणि बाबा,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

हे फोनवर बोलता येत नाही. बाबांना जरा अवघड काही विचारलं की ते ‘घे, आईशी बोल’ म्हणतात, आणि आई लगेच जेवलीस का, पाणी येतंय का, यावर येते. म्हणून पत्र. आई, तू आधी वाचलंस तरी चालेल, पण बाबांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. त्यांचं त्यांना वाचू दे. चष्म्याचा नंबर नुकताच बदललाय, सबब चालायची नाही.

बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी भेटायला आलेल्या त्या ब्रदरचं बोलणं माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. बाबांच्या हाताला सलाईन लावलेलं, आणि हे पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून विचारतात, “आज रात्री काही कमीजास्त झालं, तर तुम्ही कुठे असाल?” आई, तू तोंडाला पदर लावलास. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, “येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला तारण शेवटीच मिळालं ना? माझंही बघू,” आणि डोळे मिटून घेतले. ते ब्रदर गेल्यावर आपण तिघंही हसलो. पुण्याला परत येताना गाडीत मात्र मला त्या दोघांचंही म्हणणं पटेना.

ब्रदरचं आधी सांगते. त्यांनी पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं वचन म्हटलं होतं: पाहा, आताच समय अनुकूल आहे, आताच तारणाचा दिवस आहे. लहानपणापासून कन्व्हेन्शनच्या मंडपात हे वचन आपण याच सुरात ऐकत आलो. बोलणाऱ्याचा आवाज चढतो, पेटीवाला हळूच सूर धरतो आणि मग कुठल्या तरी अपघाताची गोष्ट येते. घरी येऊन सहाव्या अध्यायाचं ते दुसरं वचन मागच्या-पुढच्या वचनांसह वाचलं. मरणाची भीती घालायला पौल ते लिहीतच नाही. त्याच्या आधीच्या वचनांत तो विनवतो आहे की देवाशी समेट करा, मिळालेली कृपा फुकट घालवू नका. आणि तो ज्या यशयाचे शब्द घेतो, तिथे (49 व्या अध्यायात) त्यानंतर लगेच बंदिवानांना ‘बाहेर या’ म्हटलेलं आहे. तुरुंगाचं दार उघडलंय, ते आत बसलेल्या माणसाला कळवण्याची ही घाई आहे. तीच घाई दवाखान्यातल्या माणसाचा रक्तदाब वाढवायला वापरायची, हे मला आवडत नाही. स्पष्टच लिहिते.

लूकच्या शुभवर्तमानात तर ‘आज’ पुन्हा पुन्हा येतो. आज दावीदाच्या गावात तारणारा जन्मला आहे. नासरेथच्या सभास्थानात, आज हा शास्त्रलेख तुमच्या ऐकण्यात पूर्ण झाला आहे. झाडावर चढून बसलेल्या जकातदार जक्कयाला, त्वरा करून खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. यातला एकही ‘आज’ धाक दाखवणारा नाही. आणि जक्कयाच्या बाबतीत क्रम काय आहे तो बघा, बाबा. येशू त्याला ‘आधी लोकांचे पैसे परत कर, मग येतो’ असं म्हणत नाही. तो आधी घरी येतो. मग जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचं आणि लुबाडलेल्याला चौपट परत करायचं म्हणतो. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तुमचा चोर. बाबा, तुम्ही त्याला उशिरा येणाऱ्यांचा वकील करून ठेवलंय, पण त्याने पुढे काय ढकललं होतं? आधी येशू भेटल्याचं शुभवर्तमानात कुठेच लिहिलेलं नाही. त्याच्या समोर संधी आली ती त्या दुपारी, हातपाय खिळलेले असताना, आणि तो तिथेच बोलला. ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे त्याला मिळालेलं उत्तर आहे. मुद्दाम शेवटापर्यंत थांबलेला माणूस हवा असेल तर सम्राट कॉन्स्टंटाईन घ्या. ख्रिस्ती मंडळीला त्याने राजाश्रय दिला, 325 मध्ये नायसियाची परिषद बोलावली, आणि स्वतःचा बाप्तिस्मा मात्र 337 मध्ये अंथरुणाला खिळल्यावर घेतला. त्या काळी पुष्कळांचा हिशेब असाच असे की बाप्तिस्म्याने आधीची पापं धुतली जातात, तर मग शक्य तितकं उशिरा धुवावं. तुम्हाला मी कॉन्स्टंटाईन म्हणत नाही. तुमचा बाप्तिस्मा आजीच्या मांडीवर झालेला आहे. पण तुमचं थांबणं मला माहीत आहे.

प्रभुभोजनाचा, भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढे जायचा रविवार असला की तुम्ही काय करता ते मी लहानपणापासून बघतेय. रांगा एकेक करून पुढे जायला लागल्या की तुम्ही चष्मा काढता. खिशातला रुमाल काढता, आधी एक काच पुसता, मग दुसरी, मग दांड्या. काच स्वच्छ झालेली असते तरी पुसत राहता. आई निघाली की गुडघे बाजूला घेऊन तिला वाट करून देता, परत आली की पुन्हा गुडघे बाजूला. शेवटची रांग बसली की चष्मा डोळ्यांवर. मंडळीत याबद्दल कुणी काही विचारत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक आहे. आजोबांच्या घराचा वाटा, त्या सह्या, आणि आजीच्या दफनाच्या दिवशी चार लोकांत तुम्ही काकांना जे बोललात ते.

मी एकदा विचारलं होतं तेव्हा तुम्ही मत्तयचा पाचवा अध्याय काढून दाखवला होता. वेदीजवळ दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. “म्हणून मी जात नाही,” तुम्ही म्हणालात. मला तेव्हा ते फार प्रामाणिक वाटलं. अजूनही वाटतं. न मिटवता हात पुढे करणारे पुष्कळ असतात, तुम्ही तसे नाही.

पण बाबा, तुम्ही दर वेळी 24 व्या वचनावर थांबता. 25 वं वाचा. वादी तुझ्याबरोबर वाटेत आहे तोवरच त्याच्याशी लवकर सलोखा कर. लवकर! आणि 24 व्यातसुद्धा माणूस बाकावर बसून राहत नाही, तो उठून भावाकडे जातो. दान तिथे तसंच पडलेलं आहे, म्हणजे तो त्याच दिवशी परतणार आहे. या वचनाच्या आधारावर इतकी वर्षं बसून राहता येत नाही. तसंच ‘माणसाने आत्मपरीक्षण करावे’ हे पौलाचं वाक्य. तेही तुमच्या तोंडी असतं. त्याचा दुसरा अर्धा भाग ‘आणि मग त्या भाकरीतून खावे’ असा आहे. परीक्षण करून घरी जावे, असं पौलाने कुठे लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

तुम्ही म्हणाल, मनं अशी एका दिवसात बदलत नाहीत. बरोबर आहे. दर नोव्हेंबरात तुम्ही आम्हाला 29 नोव्हेंबर 1970 ची गोष्ट सांगता: उत्तर भारताची मंडळी आपल्या नागपुरात स्थापन झाली, ऑल सेंट्स चर्चच्या आवारात केवढी गर्दी, सहा मंडळ्या एक झाल्या. त्या एकीची बोलणी 1929 पासून चालली होती. एवढ्या मोठ्या शहाण्या लोकांना चाळीस वर्षं लागली, तर मला वेळ लागणारच, असा तुमचा विनोद. छान आहे, पण त्या चाळीस वर्षांत ते लोक एका खोलीत बसून भांडत तरी होते!

नारायण वामन टिळकांचं बघा. तुम्ही रेल्वेतले, तुम्हाला हे आवडेल. 1893 मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग, तुमचा ओळखीचा. डब्यात एक गोरा मिशनरी भेटला. गप्पा झाल्या, कविता झाल्या, आणि उतरताना त्याने नवा करार हातात देऊन म्हटलं की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. पण वाचीन असं कबूल केलं आणि वाचलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेवता येईना. बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895 ला, मुंबईत. लक्ष्मीबाईंचं मन वळायला आणखी वेळ लागला. पुन्हा नवऱ्याजवळ राहायला आल्या तेव्हाही त्यांची चूल वेगळी होती, आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये. कुणाच्या आजची तारीख दुसऱ्याला ठरवता येत नाही. म्हणूनच त्या ब्रदरचा मला राग आला. पण ज्या दिवशी जेवढं समोर आलं तेवढ्याला टिळकांनी त्याच दिवशी उत्तर दिलं. डब्यात कुणी त्यांच्याकडे बाप्तिस्मा मागत नव्हतं, पुस्तक घ्या आणि वाचा एवढंच होतं.

तुमच्यासमोरही आज कुणी सगळं मन मोकळं करा म्हणत नाहीये.

आई, आता तुझ्याशी. कपाटावरची ती पिशवी मी बघितली. पांढरी साडी, उपासना संगीत या गीतपुस्तकातल्या गाण्यांचे नंबर लिहिलेला कागद, दफनाच्या खर्चाचं पाकीट. व्यवस्थित आहे, मला काही म्हणायचं नाही. (तुझ्या मागे राहणाऱ्या माणसांना तुझी निवड आवडेलच असं नाही, त्यातली दोन गाणी फार संथ आहेत.) पण बाबांच्या तारणाचं तुझ्या मनात जे चाललेलं असतं, तेही तू त्या पिशवीतच ठेवून दिल्यासारखं वाटतं मला. मेल्यावर ज्याचा निकाल लागायचा आहे असं काहीतरी. योहानाच्या 17 व्या अध्यायात येशू सार्वकालिक जीवन म्हणजे काय ते सांगतो: एकच खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणं. पाचव्या अध्यायात तर म्हणतो की विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात पार गेलेला आहे. गेलेला आहे, आई. ते नागपुरात, सदरमधल्या आपल्या घरात, दुधाचा हिशेब आणि बाबांच्या गोळ्यांच्या डब्यासकट, आत्ता चालू आहे. अरण्यात इस्राएल लोकांना स्वर्गातून मिळणारा मान्ना रोजचा रोज गोळा करायचा होता, उद्यासाठी ठेवला त्यात किडे पडले. आणि आपणही दिवसाची भाकरच मागतो, ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ तू रात्री जागून पुढच्या दहा वर्षांची मागत असतेस. तुझ्या डोळ्यांखाली ते दिसतं.

बाबा, तुमच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप. त्यांच्या मृत्यूचा दाखलाही उपदेशात नेहमी येतो. 4 सप्टेंबर 1863, टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतायचं होतं, संध्याकाळ झाली, नाल्याला पाणी चढलेलं, आणि घोडा एकटाच परत आला. वय पंचेचाळीस. ‘बघा, उद्याचा भरवसा नाही’ असं म्हणून लोक तिथे थांबतात. मला त्या गोष्टीतली आधीची दुपार जास्त महत्त्वाची वाटते. बरोबरची मंडळी पुढे निघून गेली तरी हिस्लॉप मागे राहिले, कारण गावातल्या शाळेची पाहणी करायची होती. पोरांनी वाचून दाखवलं असेल, कुणी अडखळलं असेल. त्या माणसाचा शेवटचा दिवस वाया गेला असं मला म्हणवत नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. परत यायच्या आदल्या दिवशी मी ‘मैत्रिणीकडे जाते’ म्हणून गेले ती कामठीला गेले होते, काकांकडे. आता ते काठी घेऊन चालतात. मला बघून आधी काही बोललेच नाहीत, काकूला चहा ठेवायला सांगितलं. मग म्हणाले, “दादाले स्टेंट टाकला म्हणते. कोणी सांगितलं बी नाही मले.” घराचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. भिंतीवर तुमच्या दोघांचा तो फोटो अजून आहे, अजनीच्या क्वार्टरसमोर सायकल धरून उभे असलेला. निघताना त्यांनी विचारलं, “दादा प्रभुभोजन घेते का आता?” मी नाही म्हटलं. ते म्हणाले, “मी बी नाही घेत.”

दोन भाऊ, दोन चर्चं, दोघंही बाकावर बसलेले. बाबा, मला वाटलं होतं की तुम्ही एकटेच थांबला आहात.

माफी कशी मागायची, वाट्याचं काय करायचं, ते आज नको. ते वकील आणि कागद बघून करा, हवं तर वर्ष लावा. त्यांना फोन करून मला स्टेंट टाकलाय, आता बरा आहे, एवढंच सांगा. ते ऐकायला थांबले आहेत. पुढचा रविवार प्रभुभोजनाचा आहे, तोवर काय होतं ते बघू. नाही झालं तरी चष्मा पुसत बसण्याआधी 25 वं वचन एकदा वाचा, एवढं माझं ऐका.

आई, बाबांचा रक्तदाब सकाळी गोळीच्या आधी मोजत जा, नंतर नाही. डॉक्टरांनी तसंच सांगितलंय. माझं इथे ठीक चाललंय.

काकांचा नंबर टेलिफोनच्या जुन्या डायरीत ‘क’च्या पानावर आहे, तुम्ही खोडला होता तरी वाचता येतो. दुपारी दोननंतर ते झोपतात, तेव्हा फोन त्याआधी करा.

तुमची,
बेबी