'उत्तरेचा नरक' हे नाव दगडांवरून नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पॅरिस-रूबे सायकल रेसवरची तुमची बातमी वाचली. छोटीशी का होईना, छापलीत त्याबद्दल थँक्स. पण त्यात लिहिलंय की रस्त्यात फरशीसारख्या बसवलेल्या दगडांमुळे या रेसला 'उत्तरेचा नरक' म्हणतात, ते काही पटलं नाही. तुम्हीच नाही, कॉमेंट्रीवालेसुद्धा असंच ठोकून देतात, म्हणून लिहायला बसलो.

रेस सुरू झाली 1896 ला. रूबे हे उत्तर फ्रान्समधलं कापड गिरण्यांचं गाव, तिथल्या थिओडोर व्हिएन आणि मॉरिस पेरेझ या दोन गिरणीवाल्यांनी आदल्या वर्षी वेलोड्रोम, म्हणजे सायकल रेसचा ट्रॅक, बांधला होता, त्याला गर्दी खेचायला हवी म्हणून पॅरिसहून रेस काढायची आणि आपल्या ट्रॅकवर आणून संपवायची, असा साधा धंद्याचा हिशोब. पहिला आला जर्मनीचा योसेफ फिशर. दगडी रस्ते तेव्हा सगळीकडेच होते हो, त्यांचं कोणाला काय कौतुक!

मग पहिलं महायुद्ध. चार वर्षं रेस नाही. 1919 ला परत घ्यायचं ठरलं तेव्हा रस्ता तरी उरलाय का हे बघायला आयोजक आणि पत्रकार गाडी घेऊन निघाले, आणि जसजसे उत्तरेला गेले तसतशी झाडं संपली, नुसते जळके बुंधे, तोफगोळ्यांचे खड्डे, पडलेली गावं, चिखल. 'नरक' हा शब्द तिथून पेपरात आला. त्या वर्षी आँरी पेलिसिए जिंकला, त्यालाही बारा तासांच्या वर लागले.

आणि खरी गंमत म्हणजे ज्या दगडांना तुम्ही नरक म्हणताय ते जवळजवळ संपलेच होते. टीव्हीवर आपल्या गावचा खराब रस्ता दिसतो याची मेयर लोकांना लाज वाटायची, म्हणून जिथे तिथे डांबर. 1965 ला रूटवर जेमतेम 22 किलोमीटर दगड उरले. मग आयोजकांनी आडवाटा शोधायला घेतल्या, आणि झाँ स्टाब्लिन्स्कीने, म्हणजे 1962 च्या वर्ल्ड चॅम्पियनने, आरेनबर्गच्या जंगलातला सरळसोट दगडी रस्ता सुचवला. त्याला तो माहीत असणारच, पोरवयात तिथल्याच कोळसा खाणीत काम केलेला माणूस तो. 1968 पासून तो रस्ता रेसमध्ये आला. आज दगडांचा टप्पा 55 किलोमीटरच्या आसपास असतो, निखळलेले दगड परत बसवायला 1983 पासून हौशी लोकांची संघटनाच आहे, आणि जिंकणाऱ्याला ट्रॉफी म्हणून मिळतो तोही दगडच. ज्याची लाज वाटायची तेच आता जपायला लागतात, काय बोलणार!

अजून एक, फोटो छापायचाच असेल तर सारखा तो चिखलाने माखलेला चेहरा नको. वेलोड्रोमशेजारची जुनी बाथरूम दाखवा, काँक्रीटच्या बुटक्या भिंतींचे कप्पे, वर शॉवर, आणि प्रत्येक कप्प्यावर एकेका जुन्या विजेत्याच्या नावाची पितळी पट्टी.

दुरुस्ती छापायला जागा नसेल तर राहू दे, पण पुढच्या एप्रिलला रेसची बातमी द्याल तेव्हा ते वाक्य तेवढं बदला.

आपला,
एक सायकलवेडा वाचक