सक्तीच्या तपासणीने ही मुले आणखी दूर जातील

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी कायद्याने सक्तीची करावी, म्हणजे ‘तसल्या’ (त्यांना समलिंगी म्हणायचे होते) मुलांशी लग्न होऊन मुलींची आयुष्ये उद्ध्वस्त होणार नाहीत, अशी सूचना करणारे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. त्यामागची मुलींविषयीची काळजी खरी आहे आणि ती मलाही आहे. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात, ज्याला सगळे आयसीटीसी म्हणतात, मी अनेक वर्षे प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे. समलिंगी पुरुष तपासणीला कसे येतात आणि कशामुळे येत नाहीत, हे मी रोज पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

एक मुलगा मला विसरता येत नाही. तेविसेक वर्षांचा असेल. सलग तीन दिवस दुपारी तो आमच्या व्हरांड्यात यायचा, दारावरची पाटी वाचायचा आणि परत जायचा. चौथ्या दिवशी समलिंगी पुरुषांमध्ये काम करणाऱ्या संस्थेचा कार्यकर्ता त्याला घेऊन आला. बाकावर दोघे शेजारी बसले. नाव पुकारल्यावर मुलगा जागचा हलेना, तेव्हा कार्यकर्त्याने स्वतःच बाही वर केली आणि म्हणाला, ‘‘ताई, माझी सहा महिन्यांची तपासणी राहिलीच आहे, आधी माझं रक्त घ्या.’’ त्यानंतर मुलगा खुर्चीत येऊन बसला. भीतीने त्याचे हात इतके गार पडले होते की शीर सापडेना. कार्यकर्ता त्याचा तळवा चोळत राहिला, तेव्हा कुठे मला नमुना घेता आला. नंतर समुपदेशकाकडून कळले, की काही महिन्यांपूर्वी हा मुलगा गुदद्वाराजवळच्या गाठीसाठी दुसऱ्या एका रुग्णालयात गेला होता आणि तिथे त्याला सगळ्या वॉर्डासमोर ‘हे कसले धंदे करतोस’ असे विचारले गेले होते. तेव्हापासून त्याने दवाखान्याची पायरी चढली नव्हती.

त्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला. दुसऱ्या दिवशी एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्राच्या, रांगेत तोच कार्यकर्ता त्याच्यासोबत उभा होता, आणि पुढचे कितीतरी महिने गोळ्यांची तारीख जवळ आली की त्याला फोनही तोच करायचा. घरी स्थळे पाहणे सुरू होते. त्याने आधी थोरल्या बहिणीला सांगितले, तिने आईला सांगितले आणि लग्नाचा विषय थांबला. आपल्या पत्रलेखकांना ज्या मुलीची चिंता आहे ती इथे वाचली, आणि ती वाचली त्या मुलाला कुणाशी तरी खरे बोलण्याचा धीर आला म्हणून. सक्तीचा कायदा असता तर तो एखाद्या खासगी लॅबमधून पाहिजे तसा कागद घेऊन आला असता. शिवाय संसर्ग नुकताच झाला असेल तर काही आठवडे चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे लग्नाआधीच्या एका कागदावर मुलीच्या घरच्यांनी विसंबणे धोक्याचेच आहे.

सक्तीने काय होते हे आपल्या शेजारच्या गोव्याने पाहिले आहे. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तदानातून एचआयव्ही असल्याचे समजल्यावर, पोलिसांनी नेले आणि क्षयरोग्यांच्या जुन्या आरोग्यधामात ६४ दिवस एकटे कोंडून ठेवले. तेव्हाचा तिथला कायदाच तसा होता. सुटल्यावर त्याने एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी संस्था उभी केली. आता २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला आणि त्यानुसार माणसाची समजून-उमजून दिलेली संमती असल्याशिवाय ही तपासणी करता येत नाही. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमण्याची तरतूदही त्यातच आहे. असा अधिकारी आपल्याला हवा हे त्या वॉर्डातल्या कुणाला ठाऊक असेल का, याची मला शंका आहे.

हा आजार समलिंगी पुरुषांमध्ये अधिक आहे हे मान्य केलेच पाहिजे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०१७ च्या पाहणीत त्यांच्यातील प्रमाण २.६९ टक्के होते, तर देशातील प्रौढांमध्ये ते तेव्हा ०.२२ टक्क्यांच्या आसपास धरले जात होते. गुदमैथुनात संसर्गाची शक्यता जास्त असते हे एक कारण झाले. दुसरे असे, की ज्याला लपूनच भेटावे लागते तो निरोध मागायला, तपासायला आणि उपचारालाही उशिरा येतो. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्ध नाझ फाउंडेशन ही एचआयव्हीवर काम करणारी संस्था २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली ती हेच सांगत, की या कलमामुळे एचआयव्हीचे काम करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले, पण व्हरांड्यातून परत फिरणारी मुले त्यानंतरही मी पाहिली.

मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात २००२ पासून समपथिक ट्रस्ट या संस्थांनी अशा मुलांपर्यंत पोहोचण्याचे काम समलिंगी समाजातल्याच माणसांच्या हाती दिले, म्हणून ते पुढे गेले. बागेत, स्टेशनात आणि आता मोबाइलच्या अ‍ॅपवर कोण कुठे भेटतो हे त्यांनाच ठाऊक असते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन प्राथमिक तपासणी संस्थेच्या कार्यालयातही करता येते. ती रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे संसर्गाची शंका दाखवणारी, आली तरच पक्क्या निदानासाठी केंद्रात यावे लागते. पुढचे उपचार मोफत आहेत, आणि २०१७ पासून सीडी-४ (रोगप्रतिकारक पेशींची संख्या) कमी होण्याची वाट न पाहता लगेच सुरू होतात. नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला संसर्ग होत नाही. हे लोकांना, आणि दुर्दैवाने काही डॉक्टरांनाही, अजून पटत नाही.

आमच्या केंद्रात येणाऱ्या या कार्यकर्त्यांना तुटपुंजे मानधनही चार-चार महिने मिळत नसे. चांगली मुले त्यामुळे काम सोडून गेली, आणि त्यांच्या भरवशावर गोळ्या घेणारे काहीजण मग दिसेनासे झाले. म्हणून माझी शासनाला विनंती आहे, की हे मानधन वाढवावे आणि दर महिन्याला ठरलेल्या तारखेला द्यावे. आमचे केंद्र दुपारी चारला बंद होई, आणि कारखान्यात किंवा दुकानात राबणाऱ्या मुलाला त्या वेळेत येणे जमत नाही. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक केंद्र आठवड्यातून दोन दिवस रात्री आठपर्यंत उघडे ठेवावे आणि त्या वेळी तिथे संस्थेचा कार्यकर्ता बसलेला असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सोलापूर