चालणं चांगलंच, पण पायांत जोर हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पूर्वी कंबर, गुडघे, मान यांच्या तक्रारी घेऊन येणारे बहुतेक जण साठीच्या पुढचे असत. आता तिशीतली माणसं येतात. दिवसभर संगणकासमोर बसून काम, मग प्रवासात बसणं, घरी आल्यावर पुन्हा सोफ्यावर बसणं. त्यांना मी आधी एक साधी गोष्ट करायला लावते. खुर्चीत बसायचं, दोन्ही हात छातीवर घडी घालून ठेवायचे आणि कशाचाही आधार न घेता उठायचं, पुन्हा बसायचं. तीस सेकंदांत जमेल तितक्या वेळा. पहिले चार-पाच वेळा बरे जातात. मग अंग पुढे झोकून उठणं सुरू होतं, धाप लागते आणि एक हात नकळत मांडीवर येतो. तो हात आला की मला समजतं, मांड्यांत आणि नितंबांच्या स्नायूंत पुरेशी ताकद उरलेली नाही. यातले कितीतरी जण लगेच सांगतात, "पण मॅडम, मी रोज चालतो!"

हे पत्र लिहिण्याचं कारण तेच आहे. चालणं उत्तमच, ते कोणीही सोडू नये. मात्र व्यायाम म्हटलं की आपलं बोलणं चालण्यापाशीच थांबतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा. एवढं बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. त्याच शिफारशींत पुढे असंही आहे की आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातल्या सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा, आणि ६५ वर्षांवरच्यांनी तीन दिवस तोल आणि ताकद या दोन्हींवर मेहनत घ्यावी. हे मात्र लोकांपर्यंत पोचतच नाही. घरातलं वडीलधारं माणूस पडलं की आपण ओल्या फरशीला दोष देतो. पाय घसरल्यावर शरीर सावरायला जो जोर लागतो तो कधीपासून कमी होत होता, याचा विचार कोणी करत नाही.

बसून राहिल्यानं किती नुकसान होतं, याचा मला कायम आठवणारा दाखला १९६६ सालच्या डॅलसमधल्या प्रयोगाचा आहे. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं गेलं. हृदयाची आणि शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता त्यानंतर मोजली, तेव्हा ती चांगलीच घसरली होती. तीस वर्षांनी याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं जेवढी क्षमता कमी झाली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांत गेली होती! मग पन्नाशीत त्यांच्याकडून सुमारे सहा महिने नियमित व्यायाम करून घेतला आणि वयामुळे आलेली घट भरून निघाली. "आता या वयात काय फरक पडणार?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

सकाळी अर्धा तास व्यायाम केला की दिवसभर बसायला मोकळीक, असंही नाही. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते इन्सुलिनवर फारसं अवलंबून न राहता रक्तातली साखर ओढून घेतात. पोटऱ्या हलतात तेव्हा पायांतलं रक्त वर ढकललं जातं. तासन् तास बसलं की ही दोन्ही कामं मंदावतात. म्हणून जेवणानंतर थोडं चालावं, फोनवर बोलताना उभं राहावं. वेळ मिळत नाही ही तक्रार मला खोटी वाटत नाही, लोक खरंच दमलेले असतात. पण निदान दहा मिनिटं सलग व्यायाम हवा, ही जुनी अट आता राहिलेली नाही. थोडं थोडं केलेलंही धरलं जातं. खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर मारणं, टाचा उचलणं याला ना साधन लागतं ना वेगळे कपडे. ज्यांना उठणं जड जातं त्यांनी खुर्चीवर घट्ट उशी ठेवून बैठक उंच करावी आणि जमेल तशी ती कमी करावी. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

मुलांबद्दलही बोलायला हवं. त्यांना दिवसाला सरासरी साठ मिनिटं हालचाल हवी असते आणि परीक्षा जवळ आली की पहिली काट बसते ती खेळाच्या तासाला. पालकांनीच शाळेत जाऊन हे थांबवायला सांगावं.

आपल्या पुरवणीत आरोग्यावर नियमित लिहिलं जातं. त्यात आठवड्यातून एकदा ताकदीचा एखादा व्यायाम, तो कसा करायचा आणि कोणी करू नये हे चित्रासह छापावं, ही विनंती. चित्रं आणि मजकूर मी विनामूल्य तपासून देईन.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट