बालपणाचे गुण छापलेत, आता पुढचंही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बालपणातल्या वाईट अनुभवांवर लेख आला होता आणि त्याला जोडून चौकटीत दहा प्रश्न होते. प्रत्येक 'हो'ला एक गुण. बेरीज चार किंवा त्याहून जास्त आली, तर पुढे कोणकोणत्या आजारांचा धोका किती पटींनी वाढतो, त्याची यादी खाली दिलेली. माझ्या भाचीनं माझ्यासमोर बसून ते प्रश्न सोडवले. सहा गुण आले. तिला सातवा महिना चालू आहे. पेन खाली ठेवून ती म्हणाली, "मावशी, म्हणजे मीही बाळाला हेच देणार का गं?"

त्या वेळी मला धड उत्तर देता आलं नाही. त्यानंतर रोज मी ते मनात जुळवते आहे. असा प्रश्न तिला एकटीलाच पडला असेल असं वाटत नाही, म्हणून हे पत्र.

मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्यामुळे लेखातला मूळ मुद्दा मला कुणी पटवून द्यायला नको. ज्या घरात संध्याकाळी काय होईल याचा भरवसा नसतो, त्या घरातलं मूल वर्गात बाक सरकला तरी दचकतं. त्याचं लक्ष फळ्यापेक्षा दाराकडे जास्त असतं. आपण त्याला धांदरट म्हणतो, ढ म्हणतो. खरं तर एका बाबतीत ते कमालीचं तरबेज झालेलं असतं: मोठ्या माणसाचा चेहरा बघून पुढच्या पाच मिनिटांत काय होणार ते ओळखणं. शरीरही तेच शिकतं. धोक्याच्या वेळी अंगात वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक थोड्या वेळापुरतं उपयोगाचं असतं. पण मेंदूची घडण चालू असताना, वर्षानुवर्षं ते वरचेवर वाढत राहिलं, तर झोप, स्मरणशक्ती, प्रतिकारशक्ती या सगळ्याला त्याची झळ लागते, आणि ती झळ पन्नाशीतही जाणवू शकते.

ते दहा प्रश्न ज्या अभ्यासातून आले, तोही मोलाचा आहे. १९८५च्या सुमारास अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करत होते. ज्यांचं वजन चांगलं उतरत होतं असेच रुग्ण मध्येच उपचार सोडून जाऊ लागले. कारण शोधायला बसल्यावर अनेकांनी लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं. त्यांच्यातल्या काहींसाठी ते वजन म्हणजे चिलखत होतं. पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासोबत त्यांनी सतरा हजारांहून अधिक प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं आणि १९९८मध्ये पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळपास दोन तृतीयांश लोकांनी निदान एका प्रश्नाला 'हो' म्हटलं होतं. चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव आलेल्यांमध्ये व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला.

हे सगळं आपल्या लेखात बरोबर आलं आहे. माझी तक्रार आहे ती लेख तिथेच थांबला याबद्दल.

'इतके पट' हा आकडा हजारो माणसांच्या गटाचा आहे. समोर बसलेल्या एका बाईचं पुढे काय होणार, हे त्यावरून सांगता येत नाही. खुद्द अँडा यांनीच २०२०मध्ये सहकाऱ्यांसह लिहिलं की या बेरजेचा वापर एकेका माणसाचा धोका ठरवायला करू नये, ती त्यासाठी बनवलेलीच नाही. २०२१मध्ये ब्रिटन आणि न्यूझीलंडमधल्या, लहानपणापासून पाठपुरावा केलेल्या मुलांची माहिती तपासली गेली, तेव्हाही तेच दिसलं. गटाच्या सरासरीत फरक स्पष्ट होता, पण कोण आजारी पडेल आणि कोण नाही, हे बेरजेवरून ओळखणं जमत नव्हतं. शिवाय ते प्रश्न काय विचारत नाहीत तेही पाहा. त्रास दोन महिने होता की दहा वर्षं, दुसऱ्या वर्षी झाला की पंधराव्या, याचा बेरजेत हिशेब नाही. गरिबी नाही, घराबाहेरचा छळ नाही. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे, तेव्हा तुमच्या बाजूनं कोण होतं, हा प्रश्नच नाही.

माझ्या भाचीच्या सहा गुणांत तिची आजी कुठेच नाही. माझ्या बहिणीच्या घरात काय चाललं होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्ही फार उशिरा तोंड उघडलं, हेही मी इथे लिहून टाकते. पण माझी आई मात्र दर सुट्टीत पोरीला घेऊन यायची, रात्री तिच्या उशाशी बसायची, आणि पोरगी गप्प असली तर काही न विचारता तीही गप्प बसायची.

अशा आज्यांचं काय मोल असतं, हे ज्यांनी मोजलं त्यांच्याबद्दल आपल्या लेखात एक ओळ असती तरी मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. हवाई बेटांपैकी कौआई या बेटावर १९५५मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघी संशोधक चाळिशीपर्यंत काढत राहिल्या. त्यातली सुमारे तीस टक्के मुलं अत्यंत बिकट परिस्थितीत वाढत होती: गरिबी, जन्माच्या वेळच्या अडचणी, घरात सततची भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा मानसिक आजार, आणि हे एकेकटं नव्हे तर एकावर एक. त्यातल्या दोन तृतीयांश मुलांना शाळेच्या वयात किंवा अठरापर्यंत गंभीर अडचणी आल्या. हे मी लपवणार नाही. पण उरलेली एक तृतीयांश मुलं धड, कष्टाळू, दुसऱ्याची काळजी करणारी माणसं झाली. त्यांच्यात काय वेगळं होतं? काहींचा मूळ स्वभावच माणसं जोडणारा होता. पण बहुतेकांच्या आयुष्यात एक तरी स्थिर मोठं माणूस होतं. आजी, आजोबा, मावशी, थोरलं भावंड, शेजारी, शिक्षक. आईवडीलच असायला हवेत असं नव्हतं. आणि अनेकांवर लहानपणीच एखादं खरं काम सोपवलेलं होतं, ते केल्याशिवाय कुणाचं तरी अडणार होतं.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेतले शिपाईमामा आठवले. तिसरीतला एक मुलगा रोज मारामाऱ्या करायचा. आम्ही शिक्षक त्याला शिक्षा करून थकलो होतो. मामांनी त्याला सकाळी अर्धा तास लवकर बोलवायला सुरुवात केली आणि घंटेचं काम त्याच्याकडे दिलं. "तू नाही आलास तर शाळा भरायची नाही," असं त्याला सांगितलं, आणि खरंच, तो येईपर्यंत मामा घंटेला हात लावायचे नाहीत. दोन वर्षं हे चाललं. तो पुढे फार मोठा कुणी झाला असं नाही. त्याला नोकरी आहे, दोन मुली आहेत, आणि त्या बापाला घाबरत नाहीत. माझ्या लेखी हे पुष्कळ आहे. पण ते आम्हा शिकलेल्यांच्या आधी मामांना सुचलं, याची टोचणी मला अजून आहे.

कौआईच्या अभ्यासातला मला सगळ्यात धीर देणारा भाग याच्याही पुढचा आहे. अठराव्या वर्षी ज्यांच्याकडे बघून सगळ्यांनी हात टेकले असते, त्यांच्यातलेही बहुतेक जण तिशी-चाळिशीत सावरलेले आढळले. कुणी पुन्हा शिकायला लागलं, कुणाला समजून घेणारा जोडीदार मिळाला, कुणाला एखाद्या समुदायात जागा मिळाली, कुणी जिवावरच्या आजारातून उठलं. काही जण मूल झाल्यावर बदलले.

म्हणून लहानपणी काय झालं यानं काही बिघडत नाही, असं मात्र मी म्हणत नाही. रुमानियातल्या अनाथालयांमधली १३६ तान्ही मुलं २०००च्या सुमारास तपासली गेली आणि त्यातल्या निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून पालक-कुटुंबांत ठेवलं गेलं. कुटुंबात गेलेली मुलं बुद्धीनं, मायेच्या नात्यानं सुधारली, आणि जी दोन वर्षांची व्हायच्या आत गेली ती जास्त सुधारली. लक्ष टिकवण्याच्या अडचणी मात्र कुटुंब मिळूनही बऱ्याच जणांत राहिल्या. उशिरा दिलेला हातही उपयोगी पडतो, पण लवकर दिलेला जास्त उपयोगी पडतो. हे वाचताना मला माझ्या बहिणीच्या घराबाबत आम्ही गप्प घालवलेली वर्षं आठवतात.

आता भाचीचा प्रश्न. मेरी मेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल सविस्तर बोलतं करत. त्यांचं लक्ष काय घडलं यापेक्षा ते माणूस कसं सांगतं याकडे असे. जे घडलं ते न टाळता, न फुगवता, सलग सांगता येतं का? लंडनमध्ये पीटर फोनागी, मिरियम स्टील आणि हॉवर्ड स्टील यांनी हीच मुलाखत पहिलटकरणींची घेतली, बाळ जन्मायच्या आधी. मूल वर्षाचं झाल्यावर त्याला आईजवळ निर्धास्त वाटतं की नाही, हे त्या मुलाखतींवरून सुमारे चारपैकी तिघांच्या बाबतीत आधीच बरोबर सांगता आलं होतं, असं १९९१मध्ये प्रसिद्ध झालं. खडतर बालपण गेलेल्या, पण त्याकडे डोळे उघडे ठेवून बघू शकणाऱ्या आयांची मुलंही निर्धास्त होती.

"मी बाळाला हेच देणार का?" असं विचारणारी मुलगी तिच्या बालपणाकडे बघतेच आहे. दहा प्रश्नांच्या चौकटीत याला गुण नव्हता.

माझी विनंती एवढीच आहे. त्या चौकटीखाली कौआईच्या मुलांबद्दल छापा, बेरीज एका माणसाला लावू नये हे स्पष्ट छापा, आणि असे प्रश्न पुन्हा कधी दिलेत तर खाली समुपदेशनाचा एखादा क्रमांक द्या. सहा, सात, आठ गुण आलेली किती माणसं त्या रविवारी पेन हातात धरून एकटी बसली असतील, कोण जाणे. माझ्या भाचीजवळ निदान मी तरी होते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका