यादीतलं नाव

पिट्सबर्ग, १७ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं आणि तीनदा आईच्या गुडघ्यांवर बोलून फोन ठेवून दिला. म्हणून पत्र. नीता दिवाळीला सांगलीला निघालीय, तिच्याबरोबर देतेय.

गेल्या महिन्यात मी अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली. बाबा, चष्मा काढून ठेवू नका, पुढचं वाचा.

तुम्ही तिथे टीव्हीवर बघता त्या निवडणुका मी अठरा वर्षं इथे राहूनही बाहेरूनच बघितल्या. २००८ ला ओबामा आले त्या रात्री हॉलमध्ये सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते आणि मी मागच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते. २०१६ ला या आमच्या पेन्सिल्व्हेनिया राज्याचा निकाल जेमतेम ४४ हजार मतांनी लागला, २०२० ला ८० हजारांनी उलटा फिरला. त्यात माझं एकही मत नव्हतं. आई, २०१७ च्या फेब्रुवारीत कॅन्ससला त्या आपल्या तेलुगू मुलाला ‘आमच्या देशातून चालते व्हा’ म्हणत गोळी घातली, तेव्हा तू ‘परत या गं’ म्हणून किती रडलीस. मी विषय बदलला होता. तुला काय सांगणार होते? परत यायचं मन होत नव्हतं आणि ‘हे माझं घर आहे’ असं ठणकावून म्हणायचीही सोय नव्हती.

यंदा तर प्रचार दारातच आला. १३ जुलैला ट्रम्पवर गोळी झाडली ते बटलर आमच्यापासून गाडीने तासाभरावर आहे. त्या सभेत बायको-मुलींना आड घेताना एक माणूस गेला. तुमच्याकडे रविवारची पहाट होती. बाबांचे अकरा मिस्ड कॉल बघून माझ्या पोटात गोळा आला, मला वाटलं आईला काही झालं. आणि तुम्ही विचारत होतात, ‘ईशान घरात आहे ना?’

मग १० सप्टेंबरचा ट्रम्प-हॅरिस वादविवाद. ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये बाहेरून आलेले हैतीचे लोक शेजाऱ्यांची कुत्री-मांजरं खातात, असं सगळ्या देशासमोर सांगितलं गेलं. गावचे अधिकारी म्हणत होते की याला काही आधार नाही. तरी बॉम्बच्या धमक्या आल्या, शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. त्या आठवड्यात ईशानचा डबा दोन दिवस तसाच परत आला. पोळी-भाजीच होती, आई, तुझ्या पद्धतीची, वर दाण्याचं कूट. झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. म्हणाला, ‘मी काय खातो ते कुणी विचारलं तर?’ अकरा वर्षांचं पोर. माझा अर्ज तेव्हा झालेलाच होता, मुलाखतही झाली होती, पण शपथेच्या दिवशी पाय अडखळला नाही तो त्या डब्यामुळे.

बाबा, तुम्ही विचारता, ‘आपलं कोण?’ तमिळनाडूत कमला हॅरिसच्या आजोबांच्या तुलसेंद्रपुरमला पूजा झाल्या, आंध्रातल्या वडलूरूला ट्रम्पच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या बायकोचं, उषा व्हान्सचं कौतुक. बेळगावचे श्री ठाणेदार डेट्रॉइटहून इथल्या संसदेवर निवडून गेले तेव्हा तुम्ही कात्रण पाठवलंत, ते अजून फ्रिजवर आहे. अभिमान मलाही वाटतो. पण मत नावगाव बघून देणार नाही, आणि कुणाला दिलं ते तुम्हालाही सांगणार नाही. तुम्ही तरी आईला कधी सांगितलंत?

आता काळजीचं. आजीवन व्हिसासारखं ओसीआय कार्ड मिळतं, त्यासाठी अर्ज करतेय. ते आलं की केव्हाही येता येईल, हवं तितकं राहता येईल. मळ्याचंही मनावर घेऊ नका, वारसाने आलेली शेती ठेवता येते, नीट विचारून घेतलंय. तुमच्यापैकी कुणालाही बरं नसलं तर तेव्हा जितक्या तासांत पोचले असते तितक्याच तासांत आताही पोचेन. कार्ड वेळेवर आलं तर ख्रिसमसच्या सुट्टीत येतोय, नाहीतर साधा व्हिसा काढून येऊ, पण येऊ. माळ्यावरची गादी उन्हात घाला. तुम्ही नाही, बाबा, गड्याकडून. बीपीची गोळी सकाळी नाष्ट्याआधी, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवायची नाही. रात्री अमेरिकेच्या चर्चा बघत जागायचं नाही. आईचं मोतीबिंदू दिवाळी झाली की लगेच, संक्रांतीवर ढकलायचं नाही. आई, गीझर दादाने बसवून दिलाय तो वापर, चूल पेटवू नकोस.

५ नोव्हेंबरला मंगळवार आहे, कामाचा दिवस. सकाळी सातला केंद्र उघडतं, ईशानला घेऊन जाईन. इथे बोटाला शाई लावत नाहीत, छातीवर लावायला एक स्टिकर देतात. मला २००४ आठवतंय. बाबा निवडणुकीच्या ड्यूटीवर होते म्हणून आई मला म्युनिसिपालिटीच्या शाळेत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही आलात, अंगाला लाखेचा वास, डोळे तांबारलेले, आणि चपला काढायच्या आधी म्हणालात, ‘बोट दाखव बघू.’

एक काम सांगते, रागावू नका. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला आहे ना? यादीत माझं नाव अजून आहे, तुम्ही दर वेळी बघून सांगता. ते आता ठेवणं बरोबर नाही. नाव कमी करायचा नमुना ७ भरायचा असतो. तुम्ही इतकी वर्षं त्याच याद्या घेऊन घरोघर फिरलात, तुम्हाला माहीत आहे. मी सही करून सोबत ठेवलाय. दादाला पाठवू नका, जमलं तर तुम्हीच द्या.

माझं मतदार कार्ड मात्र तुमच्या कपाटातच असू द्या.

तुमची,
बेबी