पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र : घाटाच्या खालच्या टोकाला या

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी जुन्नर तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळण असते. बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळत वडील म्हणतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' जू ओढून ओढून घट्टे पडलेला खांदा असतो तो.

गेल्या चैत्रात यात्रेतली बैलगाडा शर्यत पाहायला घाटावर, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, गेले होते. बारी, म्हणजे गाड्याची धाव, सुटायच्या आधी एकाने बैलाचं शेपूट पिरगाळलं. दुसऱ्याच्या मुठीत विजेचा झटका देणारी बॅटरी होती, ती त्याने मांडीला टेकवली. वर 'भिर्रर्र'ची आरोळी झाली, भंडारा उधळला. गाडा थांबला तेव्हा त्या बैलाचे मागचे पाय लटपटत होते. मला वडिलांचा तूप लावलेला हात आठवला आणि तिथं उभं राहवेना.

साहेब, मी बंदी मागत नाही. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, तेव्हा आमच्या भागात खिलार खोंडाला गिऱ्हाईक मिळेना. ज्याला शेतात ट्रॅक्टर आहे, त्याच्या दावणीला बैल टिकतो तो बरेचदा शर्यतीपायीच, हे मला ठाऊक आहे.

पण शर्यती परत आल्या त्या अटींवर. राज्याने २०१७ साली कायदा दुरुस्त केला, नियम केले. चाबूक, पराणी, विजेचा धक्का, शेपूट पिरगाळणं हे सगळं बंद, धाव हजार मीटरच्या आत. १८ मे २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली, कारण या नियमांनी जनावराचा त्रास बराच कमी होतो, असं त्यांना पटलं. नियम काटेकोर पाळले जातील याची जबाबदारी त्यांनी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली. म्हणजे राज्याने शब्द दिलाय. घाटावर मला तो कुठंच दिसला नाही.

कायद्यात पाच लाखांपर्यंत दंड आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. एकदा तरी बॅटरीवाल्याला गाडा जुंपतानाच पकडू द्या. आयोजकाची अनामत जप्त होऊ द्या. बैलाचा दाखला शर्यतीआधी मिळतो, तसा पशुवैद्य गाडा सुटल्यावरही बैलाजवळ असू द्या. त्याच्या मांड्या, शेपटीचे पेर हाताने चाचपून पाहू द्या. एवढं झालं तर प्रामाणिक गाडामालकच सगळ्यात आधी तुमचे आभार मानतील. विनाबॅटरी पळवणारा आज उगाच हरतोय.

येत्या चैत्रात आमच्या यात्रेला या. पण व्यासपीठावर बसू नका. खालच्या टोकाला, गाडा जुंपतात तिथं, बैलाच्या मागच्या अंगाला उभे राहा.

आपली,
जुन्नर तालुक्यातली एक शेतकरी कन्या