बावखल उपसायचं आहे, हातभार लावा

सप्रेम नमस्कार,

वसईबाहेरच्या वाचकांसाठी आधी एवढंच, की बावखल म्हणजे वाडीच्या कडेला वाडवडिलांनी खणून ठेवलेला गोड्या पाण्याचा साठा. निघालेली माती वाडीत पसरायची, तीत केळी नि पानवेली लावायच्या, काठावर रहाट बसवायचा. पावसाचं पाणी बावखलात साठतं, सावकाश मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना पुरतं. एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाडी. मधल्या या पट्टीत खाऱ्या पाण्याला थोपवतं ते हेच मुरलेलं पाणी. बावखल बुजलं की विहीर मचूळ लागायला वेळ लागत नाही. मग राजेळी केळी कुठली आणि ती सुकवून केलेली सुकेळी कुठली!

2011 च्या जनगणनेतच वसई-विरारची लोकसंख्या 12 लाखांवर गेली होती. त्यानंतर किती वाढली, ते संध्याकाळी विरार लोकलमध्ये चढणाऱ्याला सांगायला नको. येणाऱ्यांशी आमचं भांडण नाही. मुंबईत घर परवडत नाही म्हणून ते इथे येतात, आणि टँकरच्या रांगेतही तेच उभे असतात. भांडण आहे ते भरावाशी. रात्री डंपर येऊन जातो, सकाळी बावखलात डेब्रिज. 2018 च्या जुलैत रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या, तेव्हा सगळे आभाळाला दोष देत होते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या प्रतिष्ठानाने गावातलं एक बावखल साफ केलं. वर जलपर्णी, तिच्याखाली थर्माकोलचं मखर, त्याखाली फरशांचे तुकडे, आणि अगदी तळाच्या काळ्या गाळात रहाटाचं एक मडकं, काठ फुटलेलं पण गळ्याशी काथ्याचा वेढा तसाच. ते आता आमच्या कपाटावर आहे. आवाहन लिहायला बसलो तेही त्याच्याकडे बघूनच.

या वर्षी आणखी दोन बावखलं घ्यायची आहेत. एकाच्या हिस्सेदारांची संमती मिळवण्यातच चार महिने गेले (भाऊबंदकी गाळापेक्षा चिवट!). दोन्हींकडे जाणारी वाट अरुंद आहे, पोकलेन आत शिरत नाही. म्हणजे गाळ माणसांनीच काढायचा. मजुरी, पंपाचं डिझेल आणि डेब्रिज उचलणारा टेम्पो, खर्च तो एवढाच. एका बिल्डरने सगळा भार उचलायची तयारी दाखवली होती. बदल्यात काठावर जाहिरातीचा फलक हवा होता. आम्ही नको म्हटलं.

म्हणून आपल्याकडे मागतो आहोत. एका मजुराची एका दिवसाची मजुरी दिलीत तरी काम पुढे सरकेल. देणगी प्रतिष्ठानाच्या बँक खात्यातच जमा करावी आणि पावती मागून घ्यावी. हिशेब काम संपल्यावर ग्रामसभेसारखा सर्वांसमोर वाचून दाखवू. नव्या सोसायट्यांतल्या रहिवाशांनी तर जरूर यावं. तुमच्या बोअरचं पाणीही इथूनच मुरतं.

काम एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला सुरू होईल. घमेली, फावडी आमच्याकडे आहेत. गमबूट मात्र आपापले आणावेत. गाळात काचा असतात.